पूर्वेकडचा भाव

त्या दिवशी माझ्या अंगावर मार्जचा पिवळा कोट होता आणि डोक्यावर केसांचा एवढा उंच मनोरा, की बसमध्ये चढताना मला मान वाकवावी लागली. साल सदुसष्ट, ऑक्टोबर महिना. मार्ज माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. आदल्या संध्याकाळी तिनं माझे केस उलटे विंचरून विंचरून उभे केले, अर्धा डबा स्प्रे त्यांच्यावर संपवला आणि म्हणाली, "व्हर्ना, आता वादळ आलं तरी हलायचे नाहीत. फक्त रात्री बसून झोप."

"बसून कशी झोपू?"

"मग एमिलच्या खांद्यावर मान टाक. लग्नाला सतरा वर्षं झाली, एवढं तरी करेल तो."

मी टीव्हीवर जाणार होते. आमच्या शहरातल्या छोट्या वाहिनीवर रोज सकाळी दहाला 'बोला, काय भाव?' हा कार्यक्रम थेट लागायचा. हॅलोरन किराणा दुकानांच्या पैशावर तो चालायचा. शहरात हॅलोरनची बारा दुकानं होती. रोज दोन बायकांना बोलवायचे, ट्रॉलीवरून एकेक वस्तू आणायचे आणि किंमत विचारायचे. जिचा आकडा खऱ्या किमतीच्या जवळ, तिची घंटा वाजायची. शेवटी जिच्या घंटा जास्त तिला मोठं बक्षीस. त्या आठवड्यात बक्षीस होतं एकवीस इंची रंगीत टीव्ही, किंमत चारशे एकोणऐंशी डॉलर. एमिलचा महिन्याचा जवळजवळ सगळा पगार.

किमती मला तोंडपाठ होत्या, याला कारण तो उन्हाळा. आमचं शहर टायरच्या कारखान्यांचं. वारा फिरला की वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा रबराचा वास यायचा. त्या उन्हाळ्यात एमिलच्या कारखान्यात संप झाला. तो तीन महिने घरी होता. दोघी पोरी, घराचा हप्ता आणि हातात युनियनकडून मिळणारे थोडके डॉलर. त्या दिवसांत मी हॅलोरनमध्ये जायचे ती नुसती बघत फिरायचे, एकेक डबा उचलायचे, किमतीचा शिक्का वाचायचे आणि परत ठेवायचे. संप मिटला तरी आकडे डोक्यातून गेले नाहीत.

स्टुडिओच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथं दुसरी बाई आधीच येऊन बसली होती. पन्नाशीची, काळी, अंगानं भरलेली. गडद निळा झगा, पांढरे हातमोजे, कडेला छोटं पीस खोवलेली नवी टोपी. नाव मिसेस ओडेसा प्रुइट.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"शाळेत स्वयंपाक. रोज चारशे पोरं. त्यातली तीनशे नव्वद तोंड वाकडं करतात."

"आणि उरलेली दहा?"

"ती आमच्या चर्चमधली. तोंड वाकडं केलं तर त्यांच्या आयांना सांगेन, म्हणून घाबरतात."

मला इतकं हसू आलं, की माझा मनोरा एका बाजूला कलला. त्यांनीच उठून तो सरळ केला. तेवढ्यात चेहरे रंगवणारी मुलगी आली. तिच्याकडे एकच पावडर होती, गुलाबीसर. तिनं ती माझ्या नाकावर फिरवली आणि मिसेस प्रुइटकडे वळून थबकली. बाईंनी शांतपणे पर्समधून स्वतःची डबी काढली. "असू दे पोरी. मी घरूनच घेऊन निघते," त्या म्हणाल्या.

आत दिवे इतके तापलेले, की लोण्याचा डबा आणला असता तर वितळला असता. कार्यक्रम चालवणारा चिप ग्रेंजर टीव्हीवर दिसायचा त्याहून बुटका निघाला. समोर साठ-सत्तर बायका बसलेल्या, आणि वर काचेमागे करड्या सुटातला हॅलोरनचा माणूस.

पहिला आला ट्यूना माशाचा डबा.

"मिसेस पोलासेक?"

"तेहेतीस सेंट."

"आणि ओडेसा, तू?"

मी मिसेस पोलासेक होते आणि ती नुसती ओडेसा. तेव्हा ते माझ्या कानाला खटकलं नाही, हे खरं सांगायला हवं.

"सदतीस," ती म्हणाली.

घंटा माझी वाजली. मग कॉफीचा एक पौंडाचा डबा आला. मी म्हटलं एकोणसत्तर. ओडेसा म्हणाली पंच्याहत्तर. पुन्हा माझी घंटा.

"ओडेसा," चिप डोळे मिचकावत म्हणाला, "तू कॉफी पितेस का कॉफीनं आंघोळ करतेस? एवढी महाग कुठून आणतेस?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

"हॅलोरनमधूनच आणते," ओडेसा म्हणाली. आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता. "ग्रँट स्ट्रीटच्या दुकानातून. मंगळवारी आणली. डबा अजून अर्धा आहे, हवा तर दाखवते."

चिपचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र काचेकडे गेले. "अहो, आकडे कधी कधी सगळ्यांनाच चकवतात! घेऊ या का छोटीशी विश्रांती?"

साबणाची जाहिरात संपली. अंडी आली, एक डझन. आता आधी तिची पाळी. ती थोडा वेळ अंड्यांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "माझ्या दुकानातला भाव सांगू, का इथला?"

"हॅलोरनची दुकानं बारा," चिप कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाला, "पण भाव एकच!"

"असं? मग एकोणपन्नास."

घंटा तिची वाजली. टाळ्या पडल्या. ती माझ्याकडे किंचित झुकून हळूच म्हणाली, "आमच्याकडे सत्तावन्न आहेत. आठ वजा केले."

पुढे साखर आणि पाव. पावात ती चुकली, साखरेत तिनं बरोबर वजाबाकी केली. पण आधीच्या दोन घंटा मला पुरल्या. दिव्यांच्या झगमगाटात पडदा सरकला आणि मागे तो टीव्ही, अक्रोडी लाकडाच्या पेटीत बसवलेला. मी दोन्ही हात तोंडावर धरून किंचाळले. सगळ्या बायका तसंच करायच्या, आणि मी तर घरी दोनदा तालीम केली होती.

ओडेसाला साबणाच्या पावडरीचं खोकं मिळालं. बसथांब्यावर ती ते खोकं पायाशी ठेवून उभी होती.

"अभिनंदन," ती म्हणाली. "छान सांगितलेत तुम्ही."

मी तिच्या खोक्याकडे बघितलं. "मिसेस प्रुइट, खरंच पंच्याहत्तर आहे तिकडे?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला काय वाटतं, सगळ्या शहरासमोर वेडी ठरायला मी नवी टोपी घालून आले?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग येऊन बघा. एक तारखेला या. त्या दिवशी आमच्याकडे सरकारी मदतीचे चेक येतात. भाव कसे टुणकन उडी मारतात ते बघायला मिळेल. मी शाळा सुटल्यावर तीनच्या सुमाराला असते दुकानात." तिची बस आली, ती पूर्वेकडे, काळ्यांच्या वस्तीकडे जाणारी. चढता चढता ती म्हणाली, "त्या केसांना आज पाणी लावू नका. सिमेंट होईल त्यांचं."

टीव्ही शुक्रवारी आला. दोन माणसांनी तो पायऱ्यांवरून चढवला आणि अख्खी गल्ली दारात गोळा झाली. रविवारी रात्री आमच्या दिवाणखान्यात चौदा माणसं बसली होती. गाण्याबजावण्याचा कार्यक्रम लागला होता, आणि गाणाऱ्या पोरींचे आखूड झगे संत्र्यासारखे केशरी होते. माणसांचे चेहरे मात्र कधी हिरवे व्हायचे, कधी बीटासारखे लाल. एमिल खाली बसून बटणं पिळत होता आणि सगळे एकदम ओरडत होते, "थोडं उजवीकडे! नाही नाही, गेलं! मागे ये!"

सोमवारी संध्याकाळी बातम्यांना मार्ज आली. तिचा डेनी जूनपासून व्हिएतनाममध्ये होता. चिखलातून पोरं एकाला झोळीत घालून नेत होती. आमच्या जुन्या टीव्हीवर ते सगळं करडं दिसायचं. इथं चिखल लाल होता, आणि चिखलाहून वेगळं लालही दिसत होतं. मार्जनं हातातली बशी खाली ठेवली.

"एमिल, रंग काढून टाकता येतो का रे?"

एमिल उठला आणि रंगाचं बटण डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. तेव्हापासून बातम्या लागल्या की तो रंग काढायचा, बातम्या संपल्या की परत घालायचा.

त्याच संध्याकाळी निघताना मार्ज म्हणाली, "ती काळी बाई काय हेका धरत होती गं! स्वतःच्या दुकानातले भाव माहीत नाहीत, आणि चालली टीव्हीवर."

एमिल म्हणाला, "हॅलोरन एवढे मोठे, ते कशाला असं करतील?"

मी उठले. जेवणाच्या बश्या घासायला घेतल्या.

नोव्हेंबरच्या एक तारखेला दोन बस बदलून मी ग्रँट स्ट्रीटला गेले. बाहेर तीच लाल पाटी, आत त्याच कागदी पिशव्या. पण सॅलडची पानं कडेनं तपकिरी पडलेली, आणि मांसाच्या काऊंटरपाशी एक वास होता, तो आमच्याकडे कधीच यायचा नाही. मी कॉफीचा डबा उचलला. जांभळ्या शाईचा शिक्का इतका ताजा होता, की माझ्या अंगठ्याला लागला. एकोणऐंशी. खाली पंच्याहत्तर अजून दिसत होते, घाईत अर्धेच पुसलेले.

"आज आणखी चार," मागून आवाज आला. ओडेसा होती. अंगात शाळेचा पांढरा झगा, त्यावर कोट. मला बघून तिला नवल वाटलं असेल तर तिनं ते दाखवलं नाही.

कार्यक्रमातल्या पाचही वस्तू मी घेतल्या. त्याच पाच वस्तूंना माझ्या दुकानात जेवढे पडले असते, त्यापेक्षा पस्तीस सेंट जास्त पडले.

"पस्तीस सेंट म्हणजे आमच्या शाळेतलं एका पोराचं जेवण," ओडेसा म्हणाली. आम्ही दुकानाबाहेर भिंतीच्या आडोशाला उभ्या होतो. "दोन वर्षं झाली, आमच्या चर्चच्या बायका कंपनीला पत्रं लिहितायत. उत्तर येतं: आपला काहीतरी गैरसमज झाला असावा. आमच्या शब्दाला ते गैरसमज म्हणतात. तुमच्या शब्दाला टीव्ही देतात."

माझे कान तापले. "मी काय करू?"

"महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जिंकलेल्या बायकांना परत बोलवतात ना?"

"हो. चोवीस तारखेला."

"सगळं थेट असतं. कोणी कापू शकत नाही. तुम्ही फक्त एक प्रश्न विचारा: कुठल्या दुकानातला भाव? आणि पर्समधून हा डबा काढा. बाकी काही नको."

मी म्हटलं, विचारते. अगदी मनापासून म्हटलं.

एमिलला सांगितलं तेव्हा त्यानं काटा खाली ठेवला. "टीव्ही घेताना तू त्या कागदावर सही केलीयस, व्हर्ना. काय काय लिहिलं होतं त्यावर, वाचलंस का? टीव्ही परत नेतील. कोर्टात खेचतील. आत्ता कुठे आपण त्या संपातून वर येतोय."

"मग खोटं आहे का ते?"

"खोटं आहे असं मी म्हटलं का? मी म्हटलं, तूच का?"

शुक्रवार आला. थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस, शाळांना सुट्टी. ओडेसाच्या चर्चमध्ये वीस-पंचवीस बायका टीव्हीसमोर बसल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. डबा माझ्या पर्समध्ये होता. पर्स मांडीवर, हात खटक्यावर. चिपनं तिसरीच वस्तू कॉफी आणली, जणू मुद्दाम.

"आपल्या कॉफीच्या राणी, मिसेस पोलासेक!"

दिवे डोळ्यात. काचेमागे तो करडा सूट. खटका माझ्या बोटांखाली होता, नुसता दाबायचा होता.

"एकोणसत्तर," मी म्हटलं.

घंटा वाजली. त्या दिवशी मला मांस कापायची विजेवर चालणारी सुरी मिळाली.

घरी एमिल वाट बघत होता. त्यानं सुरीच्या खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासाठी कॉफी केली. ती मला पिववली नाही.

शनिवारी मी ओडेसाच्या घरी गेले. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. लूशियस उंच, काटकुळा. लोखंडाच्या ओतशाळेत काम करता करता पाय अधू झालेला, हातात काठी. त्यानं मला ओळखलं आणि आत वळून हाक मारली, "ओडेसा, सुरीवाल्या बाई आल्यात!"

ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी दारात उभी. "तुम्ही रागावला असाल."

"काल होते. आज चर्चच्या पंचवीस माणसांचं जेवण करायचंय, रागवायला वेळ कुठाय? बसा. तो चाकू घ्या. साधा आहे, त्याला वीज लागत नाही."

मी बसले आणि सोलायला लागले. साली टेबलावर साचत गेल्या. मग ती म्हणाली, "चुकलं माझंच. एका मिनिटात होणारं काम असतं, तर आमची दोन वर्षं कशाला गेली असती? तुम्हाला दिव्यांसमोर बोलता येत नाही. नाही तर नाही. बाजार करता येतो ना?"

"येतो."

"मग झालं. साल जाड काढू नका हो, बटाटा उरला पाहिजे."

त्या आठवड्यापासून दर गुरुवारी आणि महिन्याच्या एक तारखेला दुपारी बरोबर साडेतीनला ती ग्रँट स्ट्रीटच्या दुकानात आणि मी आमच्या पश्चिमेच्या दुकानात जायचो. दोघींच्या हातात एकच यादी, वीस वस्तूंची. पावत्या जपून ठेवायच्या आणि शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी चिकटवायच्या. डिसेंबरात बर्फ पडलं, बस बंद झाली, तेव्हा एमिल कुरकुरत मला गाडीतून घेऊन गेला. मी आत असताना तो गाडीतच बसणार होता, पण थंडी फार, म्हणून आत आला. टेबलावर चिकटवलेले कागद त्यानं वाचायला घेतले. लूशियसनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

एमिल वाचता वाचता थांबला. "ही पहिल्या तारखेची आहे?"

"हो," लूशियस म्हणाला. "आमच्याकडे पहिली तारीख फार महागाची असते."

एमिलनं एक अशी शिवी दिली, जी ओडेसाच्या स्वयंपाकघरात त्याआधी कोणी दिली नसावी. मग घाईनं माफी मागितली. "संपात कंपनी आम्हाला हेच सांगायची. आकडे वाचताना तुमचा गैरसमज होतोय म्हणे." सोमवारी त्यानंच कागदांच्या नकला काढून युनियनच्या ऑफिसात नेल्या. तिथल्या माणसाची नगरपरिषदेत ओळख होती, आणि फेब्रुवारीत आम्हाला परिषदेच्या समितीपुढे बोलायची तारीख मिळाली.

या अडीच महिन्यांत मी आणि ओडेसा 'अहो-जाहो'वरून कधी 'तू'वर आलो, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक तिनं माझं ख्रिसमसचं भाजलेलं डुकराचं मांस चाखून बघितलं त्या दिवशी. "व्हर्ना," ती म्हणाली होती, "त्या सुरीचं काही चुकलेलं नाही. तुझ्या हातानं मीठ पडत नाही."

समितीच्या खोलीत पूर्वेकडच्या बायका टोप्या घालून तीन रांगा भरून बसल्या होत्या. पश्चिमेकडून मी, एमिल आणि मार्ज. मार्ज का आली हे मी विचारलं नाही. नंतर तीच म्हणाली, "डेनीच्या पत्रात आहे, त्याच्या तुकडीतली अर्धी पोरं ग्रँट स्ट्रीटसारख्याच वस्त्यांतली आहेत. त्यांच्या आयांनी जास्त पैसे का द्यायचे?"

ओडेसा आधी बोलली. पावत्या ठेवल्या, तारखा सांगितल्या, पाच मिनिटांत खाली बसली. मग मी. मग हॅलोरनचा वकील उठला. गोड बोलणारा, केस तेल लावून बसवलेले.

"मिसेस पोलासेक, आमच्या कार्यक्रमात तुम्ही कॉफीचा भाव बरोबर सांगितलात ना?"

"हो."

"आणि मिसेस प्रुइट यांनी चुकीचा. कार्यक्रमाची टेप आम्ही ठेवतो, त्यावर आहे ते."

मी पुढे झाले. टेबल धरलं. इथं तसे दिवे नव्हते, खिडकीतून नुसता फेब्रुवारीचा मळकट उजेड येत होता. "त्यांनी चुकीचा नव्हता सांगितला," मी म्हटलं. "त्यांच्या दुकानातला सांगितला. आम्ही दोघीही खरंच बोलत होतो. लोक हसले त्यांना. मीही हसले. तेही टेपवर असेल, बघा."

खोलीत कोणीतरी खोकलं. वकिलानं हातातला कागद उलटला. "पण टीव्ही तर तुम्ही ठेवलात?"

"ठेवलाय. हवा असेल तर घेऊन जा. माझा नवरा उचलू लागेल."

"पायऱ्या अरुंद आहेत, सांभाळून या!" मागून एमिल ओरडला.

तिन्ही रांगा हसल्या. समितीतला एक म्हातारा सदस्यही हसला आणि त्यानं वकिलाला बसायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात हॅलोरनची पानभर जाहिरात आली: आमच्या बाराही दुकानांत एकच भाव. आधी तसं नव्हतं, हे अर्थातच त्यात कुठं नव्हतं. 'बोला, काय भाव?' उन्हाळ्यात गुपचूप बंद झाला आणि त्या वेळेला घट्ट काळी विजार घातलेली एक बाई व्यायाम शिकवायला लागली. टीव्ही न्यायला कोणी आलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण एकोणसत्तरच्या मार्चमध्ये हॅलोरननं ग्रँट स्ट्रीटचं दुकान बंद केलं. दारावर एक ओळ लिहिली होती, दुकान तोट्यात आहे. लोकांना दुधासाठीसुद्धा दोन बस बदलून जावं लागायला लागलं. मी ओडेसाकडे गेले तेव्हा मला रडू आवरेना. "आपण गप्प बसलो असतो तर निदान दुकान तरी राहिलं असतं."

"व्हर्ना, कुलूप त्यांनी लावलं," ती म्हणाली. तिचेही डोळे सुजलेले होते, चर्चमध्ये कोणीतरी हेच तिला तोंडावर सुनावलं होतं. "आपण लावलं नाही. सगळं आपल्याच अंगावर ओढून घ्यायची तुला फार हौस आहे बघ. त्यातून एक कांदा मिळत नाही."

दोन आठवडे तिनं शाळा आणि घर एवढंच केलं. मग एका रविवारी तिनं चर्चच्या तळघराची किल्ली मागून घेतली, लूशियसच्या पुतण्याचा ट्रक ठरवला आणि बायकांकडून घरटी दोन डॉलर गोळा केले. दर शनिवारी पहाटे घाऊक बाजारातून माल आणायचा आणि तळघरात आहे त्या भावाला विकायचा. शाळेत चारशे पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला पोत्यांचा हिशेब कोणी शिकवायला लागत नाही. मी बटाटे तोलायला जायचे. एमिलनं तळघरात लाकडी फळ्या ठोकून दिल्या. कधी पावाचा ट्रक यायचा नाही, कधी अर्धे टोमॅटो सडके निघायचे, एकदा तर सगळं दूध नासलं आणि दोन बायका ओडेसाशी भांडून निघून गेल्या. पण शनिवार काही चुकत नव्हता.

जुलैमधल्या एका शनिवारची गोष्ट. त्या आठवड्यात सगळं शहर चंद्राकडे तोंड करून बसलं होतं. आमच्या दिवाणखान्यात पुन्हा गल्ली भरणार होती, आणि मार्जचा डेनी, एप्रिलमध्ये धडधाकट घरी परतलेला, त्यात असणार होता. सकाळी सहाला मी आणि ओडेसा घाऊक बाजारात कांद्याच्या पोत्यांपुढे उभ्या होतो. व्यापारी पौंडामागे दोन सेंट जास्त मागत होता, ओडेसा द्यायला तयार नव्हती. वीस मिनिटं झाली असतील.

व्यापाऱ्यानं शेवटी हात वर केले. "अहो बाई, माणूस चंद्रावर चाललाय, आणि तुम्ही दोन सेंटांवरून माझा जीव खाताय!"

"चंद्रावर गेलेल्यांना कांदा लागत नाही," ओडेसा म्हणाली. "मला दीडशे घरांना द्यायचाय. बोला, काय करताय?"

तो एक सेंट खाली आला. ती अर्ध्यावर अडून बसली. मागे आणखी गिऱ्हाईक ताटकळत होतं, म्हणून असेल किंवा खरंच कंटाळला म्हणून असेल, त्यानं मान हलवली.

"घे गं त्या टोकाला धरून," ओडेसा मला म्हणाली, आणि आम्ही पहिलं पोतं ट्रकवर टाकलं.